तरवडाचा मुलूख

भाद्रपद अमावास्येच्या सकाळी आबिड्सच्या फुटपाथवर, माझ्या दवाखान्याच्या जिन्याशी, एक बाई पिवळ्या फुलांच्या फांद्यांचे भारे घेऊन बसते. गेली वीसेक वर्षे मी तिला पाहतो आहे. तिच्या तोंडी त्या फुलाचे नाव तंगेडु. माझा कंपाउंडर जुन्या शहरातला, तो वर येऊन सांगतो, "डाक्टरसाब, तरवर आ गई." आणि माझी आई परभणीकडची. ती होती तोवर दर वर्षी त्यातली एक जुडी घरी जायची आणि ती म्हणायची, "बरं झालं, तरवड मिळाला. आता माळेची काळजी नाही." एका जिन्याच्या तीन पायऱ्यांवर तीन भाषा आणि झुडूप एकच.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांची घराणी या शहरात तीन-चार पिढ्यांपासून आहेत. आपण आपला इतिहास सांगू लागलो की त्यात दिवाणीतले कारकून येतात, वकील येतात, शाळा आणि ग्रंथालये येतात, १९४८ चा सप्टेंबर येतो, १९५६ चा नोव्हेंबर येतो. पायाखालच्या जमिनीवर काय उगवत होते, याची नोंद त्यात सहसा नसते. मी इतिहासकार नव्हे. चाळीस वर्षे साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस. पण या एका झुडपामागे लागून मी जे वाचले आणि पाहिले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ज्या जमिनीला सरकारी दप्तर 'पडीक' म्हणते, ती आपल्या दख्खनमध्ये कधी रिकामी बसलेली नव्हती. तरवड हा त्याचा साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष सगळीच काही आपल्याला सुखावणारी नाही.

आधी ओळख पटवून घेऊ, कारण शहरात वाढलेल्या मंडळींचा हमखास घोटाळा होतो. गौरीला वाहतात तो तेरडा, तो वेगळा. पावसाळ्यात उकिरड्यावर माजतो आणि ज्याची कोवळी भाजी करतात तो टाकळा; तो तरवडाचा भाऊबंद, पण तरवड नव्हे. तरवड हे कमरेइतके, फार तर पुरुषभर उंचीचे, बारमाही झुडूप. पाने चिंचेसारखी जोडीजोडीने, पण चिंचेहून मोठी. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल पाने बिलगलेली असतात. या कानांवरूनच लिनिअसने १७५३ साली त्याला कॅशिया ऑरिक्युलाटा, म्हणजे कानवाली, असे नाव दिले. पुढे विल्यम रॉक्सबर्गने त्याला सेना या प्रजातीत घातले आणि आज तेच नाव चालते. हा रॉक्सबर्ग पेशाने शल्यवैद्य. कंपनी सरकारच्या चाकरीत काकिनाड्याजवळ सामलकोटला होता. तेथे त्याने तेलुगू मुलखातल्या वनस्पतींवर अपार मेहनत घेतली. तो १८१५ साली वारला आणि त्याचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ पुरा छापून निघाला १८३२ साली. एका डॉक्टराला आपले काम छापलेले पाहायला मिळाले नाही, याचे मला उगाच वाईट वाटते.

फूल हळदीसारखे पिवळे, पाकळ्यांवर तपकिरी-नारिंगी शिरा. त्यात मध नसतो. दहा पुंकेसर असतात. पैकी वरचे तीन नुसते नावाला. बाकीच्यांचे परागकोश उकलत नाहीत, त्यांच्या टोकाशी फक्त छिद्र असते. तेव्हा काळा, लाकूड पोखरणारा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्या कंपाने मिरपुडीच्या डबीतून पूड सांडावी तसा पराग सांडतो. सकाळी आठच्या सुमाराला झुडपाजवळ उभे राहिलात तर ती गुणगुण थांबून थांबून ऐकू येते. नंतर चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा धरतात आणि उन्हाळ्यात वाऱ्यावर खुळखुळत राहतात.

आता मुलूख. लहानपणी काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने आम्ही सुटीत आजोळी जायचो. गोदावरी व्हॅलीची ही लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि आपल्यापैकी कितीतरी घराणी तिच्यावरूनच इकडे आली. मेडचल सोडले की खिडकीतून गोल गोल धोंडे एकमेकांवर रचलेले दिसायचे. हा हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. बासरला गोदावरी ओलांडली, धर्माबाद आले, की पाट्या मराठी व्हायच्या आणि थोड्या वेळाने जमीन काळी. तो खडक लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ग्रॅनाइटपुढे कालचे पोर. खडक बदलला, मातीचा रंग बदलला, फलाटावरचा चहावाला तेलुगूतून मराठीत आला, आणि रुळाच्या कडेने तरवड मात्र सेलूपर्यंत तसाच सोबत असायचा. भाषेच्या सीमा १९५६ साली आखल्या गेल्या. तरवडाची सीमा पावसाने आखलेली आहे. सात-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. वर दोन वीत मुरमाड माती, खाली खडक. आठ महिने ऊन. असे जेथे जेथे आहे तेथे तो आहे, पार तमिळ मुलखातून सिंहलद्वीपापर्यंत. शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि मुळाशी तोडला तरी पुन्हा फुटतो.

या जमिनीला आपल्याकडे माळ म्हणतात. तेथे झाडे दूर दूर असतात, मध्ये कुसळी गवत, बोरी-बाभळी, आणि तरवड. रान म्हटले की डोळ्यांसमोर घनदाट झाडी आणणाऱ्यांना माळ म्हणजे उजाड झालेले जंगल वाटते: कोणीतरी झाडे तोडली आणि मागे हे उरले. इंग्रज अमलातल्या वनखात्याने ही समजूत पक्की केली. अलीकडे दोघा मराठी अभ्यासकांनी एक सुरेख काम केले. तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य चाळून त्यात कोठल्या गावाजवळ कोठली झाडेझुडपे सांगितली आहेत याची टिपणे काढली. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातील हे कोरडे माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेचे म्हणून जे तरटीचे झाड दाखवतात तेही याच उघड्या, काटेरी रानातले. वारीला गेलेल्यांनी ते पाहिले असेल, हात जोडले असतील; पण ते कोणत्या जमिनीचे प्रमाणपत्र आहे, हे आपल्या ध्यानात आले नव्हते.

आता मी त्या भागाकडे येतो, जो सांगताना मला थोडे अवघडते.

तरवडाच्या संस्कृत नावांपैकी आवर्तकी हे एक आहे आणि चर्मरंगा हे दुसरे. इंग्रजीत त्याचे चालू नावही 'चांभारांची कॅशिया' अशा अर्थाचे आहे. त्याच्या सालीत सुमारे पंधरा ते वीस टक्के टॅनिन असते. टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य; कच्ची सुपारी चावल्यावर जीभ आखडते ते त्यामुळेच. कातड्यातील तंतूंना ते घट्ट बांधून टाकते. मग कातडे सडत नाही, पाण्यात फुगत नाही, वाळून कडक होत नाही. कच्चे कातडे आणि कमावलेले चामडे यांत फरक असतो तो एवढाच. गावात हे काम ढोर समाज करी, इकडे तेलंगणात मादिगा. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवायचे, केस आणि मांस खरवडायचे, धुवायचे. मग त्याचीच पिशवी शिवून झाडाला किंवा तिकाटण्याला टांगायची आणि आत कुटलेली साल घालून वरून पाणी ओतत राहायचे. ते पाणी खाली झिरपते, ते पुन्हा वर ओततात. दिवसचे दिवस हे चाले. तरवडावर कमावलेले चामडे फिकट पिवळसर निघते, पण उन्हात लालसर होत जाते. ते होऊ नये म्हणून शेवटी हिरड्याचे पाणी देत. म्हणजे माळावरचा तरवड आणि सह्याद्रीतला हिरडा यांची गाठ एका ढोराच्या अंगणात पडायची.

या चामड्याचे काय होत असे? वहाणा, लगाम, आसूड, बैलांच्या वाद्या. तेला-तुपाचे बुधले. हैदराबादच्या गल्लीबोळांत पाणी घालणाऱ्या भिस्त्यांची पखाल. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे मोट. इंजिन येण्यापूर्वी दख्खनमधली विहीर म्हणजे मोट, आणि मोट म्हणजे चामडे. कोठे कोठे सोंड तेवढी चामड्याची आणि पोहरा लोखंडी. तेलंगणात काकतीयांचे तलाव तरी होते. मराठवाड्यात बागायत म्हणजे विहीरच. तेव्हा मिरची, गहू, ऊस, भाजीपाला हे सारे या ना त्या सालीवर, बाभळीच्या नाहीतर तरवडाच्या, उभे होते.

माझ्या आजोबांचे सेलूजवळच्या एका गावी छोटे आडतीचे दुकान होते. आम्ही जैन, त्यात आजोबा फार काटेकोर. चामड्याच्या भांड्यातले पाणी, तूप, तेल वर्ज्य, हे श्रावकाचारातच सांगितलेले आहे. त्यामुळे घरचे पिण्याचे पाणी पितळी घागरीने शेंदलेले असे, आणि मोट चालू असेल त्या वेळी त्या विहिरीचे पाणी भरत नसत. मला आठवते त्याप्रमाणे माझे वय आठ-नऊ असेल. एक म्हातारा आणि त्याची सून डोक्यावर वाळलेल्या सालींचे भारे घेऊन दुकानासमोर आले. बाजाराचा दिवस होता. त्यांना फक्त वजन करून हवे होते. गिऱ्हाईक त्यांनी ठरवलेले होते. आजोबांनी तराजू दिला नाही. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "तो कातड्याचा माल, आमच्या काट्याला नको," एवढेच म्हणाले आणि त्यांना गूळ-पाणी द्यायला सांगितले. पाणी वरून ओंजळीत ओतले गेले, हेही मला आठवते.

त्याच काट्यावर त्या दिवशी मिरची तोलली जात होती. ती मोटेवर पिकलेली होती.

हे मला तेव्हा कळले नाही. पुढे कळले तेव्हा आजोबा नव्हते, आणि असते तरी मी त्यांना विचारले असते असे वाटत नाही. त्यांच्या अहिंसेविषयी मला आजही शंका नाही. पण जिवाला न मारणे आणि मेलेल्या जनावराला हात लावणाऱ्याला दूर ठेवणे, या दोन गोष्टी त्यांच्या आणि आपल्या सर्वांच्या आचारात एका गाठीत बांधल्या गेल्या होत्या. गावातले मेलेले ढोर ओढून नेणारा, त्याचे कातडे सोलणारा, तरवडाच्या सालीचा वास आयुष्यभर अंगावर वागवणारा माणूस गावाबाहेर, आणि त्याच्या हातच्या मोटेचे पाणी गावाच्या पोटात.

बाराव्या शतकात बसवकल्याणला, म्हणजे आपल्या जुन्या बीदर जिल्ह्यात, हा प्रश्न एकदा उघड विचारला गेला होता. बसवण्णांच्या शरणांमध्ये ढोर कक्कय्या होते, चांभार हरळय्या होते. त्या कथांतला बिज्जल राजा जैन म्हणून रंगवलेला आहे आणि आमच्या लोकांविषयी तेथे जे लिहिले आहे ते काही गौरवाचे नाही. तरी मी ते वाचावे असे आमच्या मुलांना सांगत आलो. कक्कय्यांच्या नावाने आजही आपल्याकडचा ढोर समाज स्वतःला ओळखतो.

तेलंगणात तर या कामाला मोलही मिळत नसे. देशमुख-दोरांच्या गढ्यांवर वेट्टी चाले, म्हणजे बिनमोलाची सक्ती. आपल्याकडची वेठ तीच. मादिगांनी चपला, वाद्या, मोटेचे चामडे देशमुखाला फुकट पुरवायचे. १९४६ ते १९५१ चा तेलंगणाचा सशस्त्र लढा ज्या तक्रारींतून उठला त्यांत वेट्टी ही पहिल्या ओळीत होती. पुच्चलपल्ली सुंदरय्यांनी या लढ्याच्या इतिहासात कोणाकडून कोणती वेट्टी घेत याची जी वर्णने दिली आहेत, त्यांत चामड्याच्या या वस्तू आहेत. आपण मराठी मंडळी रझाकारांचा इतिहास तोंडपाठ सांगतो. वेट्टीचा सांगताना अडखळतो, कारण काही गढ्यांचे हिशेब लिहिणारे हात आपलेच होते.

एकोणिसाव्या शतकात या सालीला दूरचे गिऱ्हाईक मिळाले. मद्रास इलाख्यात तिला आवारम म्हणत. तिच्यावर अर्धे कमावलेले गाई-बैलांचे कातडे 'ईस्ट इंडिया किप' या नावाने लंडनच्या बाजारात जाई आणि तेथे पुरे होऊन त्याचे बूट होत. दुष्काळात हा व्यापार वाढे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत लाखांनी गुरे मेली आणि कातड्यांची निर्यात चढली. तरवड दुष्काळात मरत नाही, हे येथे लक्षात घ्या. त्याची साल हजर असायची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या बुटांच्या वरच्या भागासाठी हे कातडे इतके लागले की १९१६ पासून सरकार स्वतःच ते खरेदी करू लागले. फ्रान्सच्या खंदकांतल्या चिखलात जे बूट उभे होते त्यांत दख्खनी माळांवरची साल मुरलेली होती. मुंबईच्या धारावीतही चामड्याचा कारखाना आणि तमिळ मुलखातून आलेले कारागीर होते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मग दोन गोष्टींनी तरवडाचा बाजार बसला. एक, क्रोमचे क्षार वापरून कातडे कमावण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. दुसरी, वॉटल. मूळ ऑस्ट्रेलियातली ही बाभूळ दक्षिण आफ्रिकेत नाताळमध्ये मैलोन् मैल लावली होती. तिची साल अधिक कसाची आणि जहाजाने येऊनही परवडणारी. पुढे निलगिरीच्या डोंगरांवर तिचीच लागवड झाली, आणि तेथले गवताळ माळ तिच्याखाली गेले. गावात मात्र तरवड टिकून होता, तोही मोट होती तोवर. साठ-सत्तरच्या दशकांत डिझेल इंजिने आणि विजेचे पंप आले आणि दहा-पंधरा वर्षांत मोट पुराणवस्तू झाली. त्या म्हाताऱ्याच्या सालीला गिऱ्हाईक राहिले नाही. माझ्या आजोबांच्या काट्यानेही पुढे कधी तो प्रश्न उभा केला नाही.

बाजार गेला, फूल राहिले. आश्विनात घट बसले की मराठवाड्यातल्या घरांतून घटावर रोज एक माळ चढते, आणि त्या दिवसांत माळावर भरभरून फुललेले असते ते तरवडच. म्हणून तरवडाची माळ. तिकडे तिचे वेगळे कौतुक कोणी करत नाही, ती असतेच. इकडे तेलंगणात तेच फूल बतुकम्मेचा कणा आहे. आपल्या पितृपक्षाच्या अमावास्येला 'एंगिली पूल' बतुकम्मा मांडतात आणि दुर्गाष्टमीला 'सद्दुल' बतुकम्मेने सांगता होते. ताटात फुलांची थरांवर थर अशी शिखरासारखी रास रचायची: तंगेडु, गुनुगु, झेंडू, शेवंती. गुनुगु म्हणजे आपला शेतातला कुरडू. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटतो तो. बायका भोवती फेर धरतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी ती रास तळ्यात सोडतात. आपला भोंडला आणि भुलाबाई याच महिन्यातले, फेर धरूनच. या फुलांनी तळ्याचे पाणी शुद्ध होते असे टीव्हीवर सांगतात; डॉक्टर म्हणून मी त्याची हमी देणार नाही. पण बागेत लावलेल्या एकाही फुलाला पहिला मान न देता माळावरच्या, फुकट मिळणाऱ्या फुलाला तो द्यावा, ही त्या बायकांची निवड मला फार थोर वाटते.

तेलंगण राज्य झाले आणि पाच महिन्यांत, नोव्हेंबर २०१४ मध्ये, तंगेडु हे राज्यफूल जाहीर झाले. महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण. सुंदरच आहे, पण ते कोकण-सह्याद्रीच्या ओढ्याकाठचे. आपल्या मराठवाड्यातल्या किती जणांनी ते मुद्दाम न लावलेले पाहिले असेल? नांदेड-परभणीच्या माणसाने निवडायचे असते, तर मला वाटते, त्याने शेजाऱ्याचेच फूल निवडले असते.

औषधाविषयी थोडक्यात सांगतो, कारण विचारले तर जातेच. तमिळ सिद्ध वैद्यकात आवारै कुडिनीर नावाचा काढा मधुमेहावर देतात आणि आता तरवडाच्या फुलांचा चहाही पाकिटांतून विकतात. माझ्याकडे येणारे साखरेचे रुग्ण तो चहा पिऊन येतात. पिऊ नका असे मी म्हणत नाही. चालू गोळ्या त्याच्या भरवशावर सोडू नका, असे मात्र प्रत्येकाला बजावतो. दोघांनी सोडल्या होत्या, त्यांचे पाय मी पाहिले आहेत.

आता दप्तराकडे. निजामी अमलात आणि त्याआधीही गावच्या जमिनीला बारीक बारीक नावे होती: गायरान, कुरण, माळ, तेलंगणात कंचा. कंचा म्हणजे गुरांना चरण्यासाठी राखलेले गवता-झुडपांचे रान. ही नावे जमिनीचे काम सांगतात. नंतरच्या कागदांत हे सगळे एका शब्दात कोंबले गेले: पडीक. आपल्याच शहरातल्या बालानगरला उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे. त्यांच्या मदतीने केंद्र सरकार २००० सालापासून देशातील पडीक जमिनींचा अॅटलास काढते. त्यातल्या वर्गांपैकी दोन आहेत 'दाट झुडपांची जमीन' आणि 'विरळ झुडपांची जमीन'. म्हणजे उपग्रहाने वरून पाहिले, तरवड नीट दिसला, मोजला गेला, आणि पडीक म्हणून लिहिला गेला. त्या शास्त्रज्ञांचा यात दोष नाही. रकाना आधीच ठरलेला होता. पण एकदा पडीक म्हटले की तेथे काहीही करता येते. कारखाना येतो, वसाहत येते, किंवा अगदी सद्हेतूने खड्डे खणून झाडे लावली जातात आणि हरित झाल्याचा फोटो निघतो. झाडे लावण्यासाठी तरवड उपटताना मी स्वतः पाहिले आहे.

२०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हैदराबाद विद्यापीठालगतच्या कंचा गच्चीबावलीतील ४०० एकरांवरून काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. सरकार म्हणाले जमीन आमची आहे, वन म्हणून नोंद नाही. विद्यार्थी म्हणाले झाडे आहेत, हरणे आहेत, मोर आहेत. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तेथली तोड थांबवली. वन आहे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. मला राहून राहून वाटत होते की उत्तर गावाच्या नावातच लिहिलेले आहे. ते वन नव्हे आणि ओसाडही नव्हे. ते कंचा आहे.

ज्यांना हा मुलूख जसा होता तसा पाहायचा असेल त्यांना माझी एक सूचना आहे. विजयवाडा रस्त्यावर वनस्थलीपुरमजवळ महावीर हरिण वनस्थली आहे. पूर्वी निजामाचे शिकारीचे रान. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७५ साली, ते काळविटांसाठी राखले गेले आणि नावही तसेच दिले. साडेतीन हजार एकरांहून थोडे अधिक असेल. शिकारीच्या रानाला महावीरांचे नाव मिळावे याचे आमच्या समाजाला कौतुक आहे, आणि पर्युषणानंतर आमच्यातले पुष्कळ जण तिकडे फेरी मारतात. हरणे पाहून परत येतात. मी त्यांना सांगतो की हरणांच्या मागे जे उभे आहे तेही बघा. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. तो दाट झाडीत राहत नाही. तो जगायचा तर गवत हवे, दूरवर नजर जायला हवी, आणि पिलू लपवायला ठेंगणी झुडपे हवीत. नावात हरिण आले, तरवड आला नाही, तरी राखण दोघांची झाली आहे.

गेल्या भाद्रपदात जिन्याशी ती बाई उशिरा आली. दहा वाजून गेले होते आणि भारेही दोनच होते. मी माझ्या मोडक्या तेलुगूत विचारले की यंदा एवढाच का. ती म्हणाली, पूर्वी उप्पलच्या पुढे उतरले की दोन घटकांत डोक्याइतका भारा व्हायचा. मग घटकेसरला जाऊ लागले. आता भुवनगिरीच्या पुढे जाते, पहाटे चारला निघते, आणि तेथेही प्लॉटच्या दगडांमधून वेचून वेचून आणते. भाड्याचे पैसे धरले तर जुडीला मागच्या वर्षीच्या दुप्पट घ्यावे लागतात, गिऱ्हाईक कुरकुर करते. मी एक जुडी घेतली. तिने सुटे नव्हते म्हणून दोन दिल्या.